तारेवरचा आवाज आणि हरवलेली नावे

आमच्या घरांतल्या लग्नात मेंदीच्या रात्री ढोलक घेऊन बसणाऱ्या बायका आता कमी झाल्या. त्यांची जागा कीबोर्डने, ऑक्टोपॅडने आणि भाड्याने आणलेल्या साउंड सिस्टिमने घेतली. यावर आमच्यात दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत म्हणते, यंत्राने आपले जुने गाणे मारले. दुसरे म्हणते, गेले ते बरे झाले, ती गाणी तरी कुठे दीनात बसत होती? ही दोन्ही मते मांडणारे बहुधा पुरुष असतात. ज्या बायका गात होत्या, त्यांना कोणी विचारत नाही. या वादाकडे जरा लांबून पाहता यावे म्हणून आम्ही कैरो शहरातली, १९४४ सालची एक हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. बायकांचे गाणे आणि विजेवर चालणारे यंत्र यांची गाठ तिथे फार लवकर पडली होती.

ती गाठ घालून देणाऱ्या संगीतकाराचे नाव हलीम अल-दाब. नावावरून ते मुसलमान असावेत असे वाटेल. पण ते इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती समाजातले. अरबी ही काही एकट्या मुसलमानांची भाषा नव्हे, हे मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आम्हा मुसलमानांना वेगळे सांगायला नको. ४ मार्च १९२१ रोजी कैरोच्या सकाकीनी वस्तीत त्यांचा जन्म झाला. पियानोवर त्यांचा हात चांगला होता आणि दरबुका हे आपल्या तबल्या-ढोलकीच्या नात्यातले वाद्यही ते वाजवीत. शिक्षण मात्र शेतीचे. आजच्या कैरो विद्यापीठातून, म्हणजे तेव्हाच्या फुआद विद्यापीठातून, कृषी अभियांत्रिकीची पदवी त्यांनी घेतली. शेतीच्या कामानिमित्त खेड्यापाड्यांतून फिरताना गावोगावची गाणी आणि वाद्ये त्यांच्या कानांवर पडत राहिली.

त्या काळच्या इजिप्तमध्ये जुने संगीत आणि नवे यंत्र हा मोठा वादाचा विषय होता. १९३२ साली राजा फुआद यांच्या आश्रयाखाली कैरोत अरबी संगीताची एक मोठी परिषद भरली. युरोपातून बेला बार्टोक आणि पाउल हिंदेमिथ यांच्यासारखे नामवंत संगीतकार आले होते. परिषदेने दीडशेहून अधिक तबकड्यांवर निरनिराळ्या देशांतल्या मंडळींचे गाणे-वाजवणे मुद्रित करून घेतले. पियानोसारखी पाश्चात्त्य वाद्ये अरबी संगीतात घ्यावीत की नाहीत, यावर तिथे कडाक्याची चर्चा झाली. गंमत अशी, की ती घ्यावीत असे म्हणणाऱ्यांत कैरोची मंडळी पुढे होती आणि जुने जसेच्या तसे राहू द्या असे सांगणाऱ्यांत युरोपचे पाहुणे अधिक होते. दुसऱ्याचे घर जुनेच राहावे असे पाहुण्याला वाटते; घरात राहणाऱ्याला मात्र खिडक्या बदलायच्या असतात. अकरा वर्षांचे हलीम आपल्या थोरल्या भावाबरोबर ही परिषद पाहायला गेले होते.

पुढे बारा वर्षांनी त्यांनी या वादाला आपल्या परीने उत्तर दिले. जुने जपायचे की नवे आणायचे, या भांडणात ते पडले नाहीत. ते एक यंत्र घेऊन थेट बायकांच्या मैफलीत गेले.

ते यंत्र म्हणजे तारेवर आवाज टिपणारा वायर रेकॉर्डर. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सन यांनी १८९८ साली ही युक्ती शोधली. पोलादाची केसासारखी बारीक तार चुंबकासमोरून सरकत जाते, आणि आवाजाप्रमाणे कमीजास्त होणारा विजेचा प्रवाह त्या तारेवर चुंबकीय खुणा उमटवीत जातो. तीच तार पुन्हा फिरवली की आवाज परत ऐकू येतो. आपल्याला परिचित असलेली टेपची फीत युद्धानंतर जगभर पसरली. १९४४ साली कैरोत ती कुणाच्या हाती नव्हती. मिडल ईस्ट रेडिओ या केंद्राकडे तारेचे यंत्र होते. अल-दाब यांनी ते उसने मागून आणले.

आणि ते घेऊन गेले झारच्या मेळाव्याला. झार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावणे अवघड नाही. दर्ग्यात हाजरीच्या वेळी डोके सोडून घुमणारी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला झार निम्मा कळला. इजिप्त, सुदान, इथिओपिया या मुलखांत ही चाल आहे. बाईला लागलेल्या अदृश्य शक्तींना तिथे ‘अस्याद’ म्हणजे मालक म्हणतात. त्यांना हाकलून लावायचे नसते, राजी करायचे असते. त्यासाठी प्रत्येकाची वेगळी चाल, वेगळा ठेका. डफ आणि ढोल वाजतात, तंबुरा नावाचे तारवाद्य छेडले जाते, शेळीच्या खुरांचा मंगूर नावाचा पट्टा कमरेला बांधून नाचणारा तो ठेक्यात खुळखुळवतो. सारा कारभार ‘कोदिया’ या प्रमुख बाईच्या हाती. मुसलमान बायका येत, ख्रिस्तीही येत. उलेमांनी झारला नेहमीच नावे ठेवली आणि शिकलेल्या सुधारकांनी त्याला अडाणीपणा ठरवले. एरवी एकमेकांशी न पटणारे हे दोन गट या एका बाबतीत एक होते.

झारने दुखणी बरी होतात, असे आम्हाला म्हणायचे नाही. दुखण्याला डॉक्टर हवा. पण जिला घरात मोठ्याने बोलण्याची सोय नाही, ती बाई चार बायकांत जाऊन ओरडते, रडते, नाचते आणि थकून शांत होऊन घरी परतते, यात समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तिला नुसते अडाणी म्हटले की आपण तिचा आवाज ऐकण्यातून सुटतो.

मेळावा बायकांचा; परक्या पुरुषांना तिथे सहज प्रवेश नव्हता. अल-दाब आणि त्यांचे एक मित्र बायकांसारखी तोंडे झाकून आत शिरले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. आवाज तारेवर उतरला. मग रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत त्यांनी त्या आवाजावर काम सुरू केले. सरकत्या भिंती हलवून खोलीचा घुमारा कमीजास्त केला, प्रतिध्वनीच्या खोलीतून आवाज फिरवून आणला, विजेचा दाब बदलून पाहिला. प्रत्येक स्वरात एक मूळ नाद असतो आणि त्याच्या पोटात बारीक-बारीक उपनाद असतात. अल-दाब यांनी मूळ नाद पुसत नेला आणि उपनाद मागे ठेवले. आवाजाच्या आत दडलेला आवाज त्यांना हवा होता.

या रचनेला त्यांनी नाव दिले ‘ताबीर अल-झार’. अरबीत ताबीर म्हणजे व्यक्त करणे. आमच्या घरांत हा शब्द उर्दूतून आला तो स्वप्नाचा अर्थ लावणे या अर्थाने. आम्हाला दोन्ही अर्थ इथे लागू पडतात असे वाटते. १९४४ साली कैरोच्या वायएमसीएत कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने ही रचना लोकांना ऐकवली गेली. मूळ रचना वीस मिनिटांहून मोठी होती. आज तिचा दोनेक मिनिटांचा तुकडा ऐकायला मिळतो, तोही २००० च्या सुमारास एका सीडीतून सर्वांपर्यंत पोहोचला. आम्ही तो पुनःपुन्हा ऐकला. शब्द लागत नाहीत. बायकांचे आवाज एखाद्या विहिरीतून वर यावेत तसे घुमत येतात. यंत्राची खरखर आहे, पण माणूस हरवलेला नाही.

युरोपात या प्रकारच्या संगीताचा आरंभ पॅरिसच्या पिएर शेफर यांच्यापासून मोजतात. आगगाड्यांच्या आवाजांतून घडवलेली त्यांची रचना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच रेडिओवर वाजली. कैरोची रचना तिच्याआधी चार वर्षांची. चुंबकीय मुद्रणावर काम करून घडवलेल्या, आज माहीत असलेल्या रचनांत ती सर्वांत जुन्यांपैकी एक गणली जाते. तबकड्या आणि फिल्मच्या ध्वनिपट्टीवरचे प्रयोग मात्र युरोप-अमेरिकेत त्याआधीही झाले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘सगळे आमच्याकडेच आधी झाले’ ही आरोळी ठोकण्याची आम्हाला फार हौस. पहिला नंबर कुणाचा, यापेक्षा आरंभाच्या त्या वेळी यंत्रासमोर कोण गात होते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पॅरिसमध्ये यंत्रासमोर आगगाडी होती. कैरोत बायका होत्या.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९४८ च्या युद्धानंतर अल-दाब यांच्या एका पियानो-रचनेची कैरोत वाहवा झाली आणि १९५० साली ते शिकण्यासाठी अमेरिकेला गेले. १९५८ साली मार्था ग्रॅहॅम यांच्या ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ या नृत्यनाट्याला त्यांनी संगीत दिले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रिन्स्टन इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रात त्यांना बोलावणे आले. एक खोली भरून टाकणारी यंत्रे तिथे होती आणि बरेच संगीतकार आकडेमोडीने स्वर रचत होते. अल-दाब यांनी विषय निवडला लैला-मजनूचा. ‘लैला अँड द पोएट’ या रचनेत माणसाचा आवाज, वाद्यांचे सूर आणि यंत्रातले ध्वनी एकत्र आले. १९६४ साली त्या केंद्राच्या गाजलेल्या तबकडीत ती निघाली आणि पुढच्या पिढीतल्या पुष्कळ संगीतकारांनी ऐकली. पिरॅमिडपुढे रात्री होणाऱ्या प्रकाश-ध्वनीच्या खेळालाही १९६१ पासून त्यांचेच संगीत होते.

१९६२ ते १९६४ ही वर्षे त्यांनी अदिस अबाबात काढली. इथिओपियाच्या निरनिराळ्या भागांतले लोककलावंत एकत्र करून त्यांनी ‘ऑर्केस्ट्रा इथिओपिया’ उभा केला. झार इजिप्तमध्ये त्याच दिशेने आला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे आवाजाचा माग काढीत ते त्याच्या माहेरी पोहोचले म्हणायचे. १९६९ पासून त्यांनी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात शिकवले. २ सप्टेंबर २०१७ रोजी तिथेच, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

असा हा मोठा माणूस. तरी एक काटा आमच्या मनात रुततो. ज्या बायकांचा आवाज त्या तारेवर आहे, त्यांची नावे आज आपल्यापुढे नाहीत. कोदिया कोण होती? तिच्याबरोबर गाणारी कोण? यंत्राचे नाव नोंदले गेले, केंद्राचे नोंदले गेले, सभागृहाचे नोंदले गेले. गाणारीचे राहून गेले. आणि तोंड झाकून शिरलेल्या पाहुण्याने तिची परवानगी आधी घेतली असण्याचा प्रश्नच नव्हता.

हा दोष एकट्या अल-दाब यांचा नाही, आणि तो परका तर मुळीच नाही. आमच्या दख्खनचेच पाहा. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत सतराव्या-अठराव्या शतकांत चक्कीनामे आणि चर्खानामे रचले गेले. बाई दळताना, सूत कातताना जी लय धरते, त्या लयीत दखनी भाषेत अल्लाहचे आणि पीराचे स्मरण. जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा. रिचर्ड ईटन यांनी १९७४ साली यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. त्या काळात बाईच्या हातचे यंत्र म्हणजे जाते आणि चरखा. तेव्हा लोकगीत आणि यंत्र यांचे लग्न आमच्याकडे जुनेच आहे. पण तिथेही सूफींची नावे उरली. जात्यावर बसून ते गाणे पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या बाया निनावीच राहिल्या.

मग वेगळे काही होऊच शकत नाही का? होऊ शकते, आणि ते महाराष्ट्रातच झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात टेपवर घेतल्या. ओवीपाशी बाईचे नाव लिहिले, गाव लिहिले. हे काम आज संगणकावर कुणालाही पाहता-ऐकता येते. लेकीचे नाव वाचून तिच्या आईपर्यंत, आजीपर्यंत जाता येते.

आज प्रत्येकाच्या खिशात अल-दाब यांच्या त्या जड पेटीपेक्षा कितीतरी चांगले यंत्र आहे. आमची मुले कीबोर्डवर आणि संगणकावर नवे संगीत रचतात, त्यांना कोणी अडवू नये. दादी-नानीच्या गाण्याचा तुकडा घेऊन त्यांनी त्याखाली वाटेल तो ठेका घालावा. गाणे त्याने मरत नाही. मात्र आधी तिच्यासमोर उघड्या तोंडाने बसावे, तिला विचारावे, आणि मुद्रण झाले की पहिल्यांदा तिलाच ऐकवावे. मग खाली लिहावे: गाणारीचे नाव, तिचे माहेर, तिचे सासर, साल.

आमच्या मोहल्ल्यांत अजून अशा चार-दोन म्हाताऱ्या आहेत, ज्यांना मेंदीच्या रात्रीची सगळी गाणी येतात. पुढच्या लग्नापर्यंत त्या असतीलच, असे धरून चालू नये.