नक्ल आणि कुफ्र: संगणकाने शिकलेला फरक

'नक्ले कुफ्र कुफ्र न बाशद' असे एक जुने फारसी वचन आहे. कुफ्राची वाक्ये केवळ उद्धृत केल्याने कुणी काफिर ठरत नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगणे वेगळे आणि तेच स्वतः बोलणे वेगळे. हा फरक संगणकालाही शिकवावा लागला. तो इतिहास मला उद्बोधक वाटतो.

जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प या भाषेवरचा निबंध प्रसिद्ध केला. लिस्पमध्ये आज्ञा आणि माहिती, दोन्ही कंसांतल्या याद्याच असतात. मग समोरची यादी आज्ञा म्हणून पाळायची की मजकूर म्हणून जपायची? त्यासाठी 'क्वोट' आले. पुढे त्याचे एकच चिन्ह (') झाले. पण सगळाच मजकूर गोठवून भागत नाही, मधली एखादी जागा भरावी लागते. तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९४० सालीच अशा अर्धवट अवतरणाची कल्पना मांडली होती. लिस्पवाल्यांनी ती उचलली: उलटे चिन्ह (`) मजकूर गोठवते, आतला स्वल्पविराम (,) तेवढाच भाग जिवंत ठेवतो.

२०१२ साली सुरू झालेल्या ग्नू गीक्स या मुक्त प्रणालीत सॉफ्टवेअर पॅकेजच्या व्याख्या लिस्पच्याच कुळातल्या स्कीम भाषेत लिहितात. तिथल्या जुन्या पद्धतीच्या व्याख्येत 'झेडलिब' हे पॅकेज लागत असेल, तर ते दोनदा लिहीत: एकदा अवतरणात, नुसते नाव म्हणून, आणि एकदा स्वल्पविराम लावून, खरे पॅकेज म्हणून. स्वल्पविराम राहिला की वस्तूऐवजी तिचे नावच हाती येई.

खरी अडचण पुढे होती. पॅकेज बांधण्याच्या आज्ञा लिहिल्या जातात एकीकडे आणि चालतात नंतर, बंदिस्त जागेत. साध्या अवतरणातला मजकूर कोणत्या पॅकेजवर विसंबून आहे, हे तो स्वतः सांगत नसे. त्याची यादी वेगळी द्यावी लागे. २०१४ साली गीक्समध्ये नवी चिन्हे आली. #~ मजकूर गोठवते, #$ त्यात पॅकेज गुंफते, आणि ते कुठून आले याची नोंद मजकुराबरोबरच प्रवास करते.

हदीसच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. मतन, म्हणजे मूळ मजकूर, इस्नादशिवाय, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीशिवाय, स्वीकारायचा नाही, हा मुहद्दिसांचा दंडक होता.

आज कुणाचेही अर्धे वाक्य साखळी तोडून मोबाइलवर फिरते. त्याने उद्धृत केलेले त्याचेच मत ठरते. संगणकाच्या चुकीत फार तर एक पॅकेज बांधायचे राहते. इथे माणसाच्या अब्रूवर येते.