दळणारीचं नाव

परवा गावाकडच्या चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आमची वंशावळ पाठवली. २०२३ पासून मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदी शोधायची जी लगबग सुरू झाली, तिच्यात आमच्या घरचेही जुने कागद बाहेर निघाले. एक जण मोडी वाचणारे, दुसरे उर्दू वाचणारे, असं करत करत भावाने पाच पिढ्या जमवल्या. आमचं गाव सिल्लोड तालुक्यात, अजिंठ्याच्या जवळच. वंशावळीत सगळ्यात वर खापरपणजोबा. जन्म अंदाजे १८८०, धंदा शेती.

शनिवारी बसून मी ते सगळं एक्सेलमध्ये भरलं. (सवय, दुसरं काय!) भरताना लक्षात आलं, पाच पिढ्यांत एकाही बाईचं नाव नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर आईचा कॉलमच नव्हता.

मागे एका प्रोजेक्टवर मिलर आडनावाचा क्लायंट होता. मिलर म्हणजे दळणारा. युरोपात पाण्यावर आणि वाऱ्यावर चालणाऱ्या गिरण्या गावोगाव होत्या. शेतकरी तिथे धान्य न्यायचे, गिरणीवाला दळून द्यायचा आणि मोबदला म्हणून बऱ्याचदा त्यातलाच वाटा ठेवायचा. मग धंद्याचं आडनाव झालं. आता आपले बारा बलुतेदार आठवून बघा. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट... पीठ दळणारा कुठेच नाही. तेल काढणारा तेली आहे, पण रोजच्या भाकरीचं पीठ दळणारा कोणी नाही. का?

यंत्र माहीत नव्हतं असं अजिबात नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलंय, ते उंचावरून पडतं आणि त्याच्या जोरावर दगड फिरतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी तिथे धान्य दळलं जायचं. पण बारमाही धार हवी आणि पैसा ओतणारा आश्रयदाता हवा. आमच्या कोरडवाहू गावांत दोन्ही नव्हतं. शिवाय एक गोष्ट होती, घरात जातं होतं आणि ते ओढायला सून होती. फुकट!

आजीला फोन लावला. ती म्हणाली, "अरे बाबा, ज्वारीचं पीठ साठवून चालतंय का? विरी जाते त्याची. भाकर थापता येत नाही." म्हणजे दळण रोजचंच. पहाटे कोंबडं आरवायच्या आत उठायचं, खुंटा धरायचा, एका हाताने घास घालायचा. ते झालं की पाणी, भाकरी आणि मग शेत. माणसं जास्त असली की जाऊबाई समोर बसायची आणि दोघी मिळून ओढायच्या. किती वेळ लागायचा? "दोन तास तर कुठेच गेले नाहीत."

म्हटलं, हिशोब करू. रोज दोन तास म्हणजे वर्षाला ७३० तास. सून म्हणून आल्यापासून चाळीस वर्षं धरली तर २९,२०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ३,६५० दिवस. रविवारची सुट्टी न घेता पूर्ण दहा वर्षांची नोकरी! बाळंतपणं आणि आजारपणं यांचे दिवस वजा करा, तरी आकडा फार खाली येत नाही. आणि हे शेतातलं काम सोडून. तेव्हा आमच्या घराण्यात शेतकरी होते तसा गिरणीवालाही होता. फक्त ती बाई होती.

त्या काळातल्या बायकांची नावं अगदीच राहिली नाहीत असं नाही. अजिंठा गावात पारोची कबर आहे. लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करणाऱ्या मेजर रॉबर्ट गिलची ती सोबतीण. १८५६ मध्ये ती गेली तेव्हा गिलने दगडावर तिचं नाव कोरून घेतलं. अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात गेलं की जळगावजवळ आसोदे लागतं. तिथे १८८० मध्ये बहिणाबाई चौधरी जन्मल्या, म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या वयाच्या. शेतकरीण, लिहिता-वाचता न येणारी, पण काम करता करता गाणी रचणारी. मुलगा सोपानदेव यांनी ती जपली, म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. संगणक आणि संगीत या दोन्हींचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांचा डेटाबेस करायला मदत केली. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. हा कॉलम ठेवावा असं कुणाला तरी वाटलं, एवढाच काय तो फरक!

शेवटी आजीला विचारलंच, खापरपणजीचं नाव काय होतं? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माझी सासू तिला आत्याबाई म्हणायची. गावातली माणसं फर्दापूरवाली म्हणायची. नाव कुणी घेतलेलं मी तरी नाही ऐकलं."

फर्दापूर म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. माहेराचं नाव तेवढं तिच्याबरोबर वर आलं.

तिचं जातं अजून आमच्या अंगणात आहे. वरची तळी तुळशीशेजारी पडलेली असते आणि लहानपणी आम्ही तिच्यावर उभे राहून पतंग उडवायचो. दगड मधे चांगलाच झिजलाय. असो.

रात्री एक्सेल परत उघडलं आणि एक ओळ वाढवली. नाव: रिकामं. माहेर: फर्दापूर. धंदा: दळण आणि शेती. भावाला पाठवलं. त्याचा लगेच मेसेज आला, "कागदात पुरावा नाही ना याला?"

मी जात्याचा फोटो काढून पाठव म्हणून सांगितलंय.