शिळे पेट्रोल आणि आउटबोर्ड मोटार : एका दोषाचा इतिहास

हिवाळाभर स्वस्थ पडलेली आउटबोर्ड मोटार पुढच्या हंगामात सुरूच होत नाही, आणि झालीच तर किनारा दूर राहिल्यावर बंद पडते, ही तक्रार त्या यंत्राइतकीच जुनी असल्याचे सामान्यतः समजले जाते. दोष बहुधा मालकाच्या निष्काळजीपणावर टाकला जातो. इंधनाचा इतिहास तपासला असता हा निवाडा पुरता टिकत नाही. होडी ठेवून देण्याची रीत फारशी बदललेली नाही. बदलत गेले ते पेट्रोल.

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये आपली मोटार विक्रीस आणली. कॅमेरॉन वॉटरमन यांचे पेटंट १९०७ चे असल्यामुळे जनकत्वाचा मान कोणाचा, हा वाद येथे सोडून देऊ. विस्कॉन्सिनची सरोवरे हिवाळ्यात गोठतात, म्हणून हे यंत्र प्रारंभापासूनच वर्षातील कित्येक महिने कोठारात पडून राहणारे होते. त्या काळचे पेट्रोल मुख्यतः खनिज तेलाच्या साध्या ऊर्ध्वपातनाने मिळे. ठेवलेल्या पेट्रोलातील हलका अंश उडून जाई आणि एंजिन चालू करणे जड जाई, हे खरे. परंतु अशा पेट्रोलातील हायड्रोकार्बने बहुतांशी संपृक्त असल्यामुळे हवेतील ऑक्सिजनाशी त्यांचा संयोग मंदगतीनेच होत असे.

चारच वर्षांनी, १९१३ मध्ये, विल्यम बर्टन यांच्या भंजन-प्रक्रियेचे पेटंट निघाले. जड तेल दाबाखाली तापवून त्याचे रेणू मोडावयाचे आणि पेट्रोलाचे उत्पन्न वाढवावयाचे, ही ती युक्ती होय. मोटारगाड्यांची भूक त्यामुळे भागली. मात्र मोडलेल्या रेणूंत ओलेफिने आली, आणि साठवणीच्या दृष्टीने हाच निर्णायक फरक ठरला. ओलेफिने ऑक्सिजन घेतात, पेरॉक्साइडे बनतात, आणि शृंखला-प्रक्रियेने शेवटी तपकिरी, चिकट डिंक तयार होतो. मोटारगाडीच्या टाकीतील पेट्रोल काही दिवसांत संपते. डिंकास अवधीच मिळत नाही. आउटबोर्ड मोटारीच्या कार्ब्युरेटरमध्ये मात्र चमचाभर पेट्रोल महिनोन्‌महिने हवेशी संलग्न राहते, आणि केसाएवढे छिद्र बुजण्यास अल्पसा डिंकही पुरतो. त्यातून पितळी भागांतील तांबे ही क्रिया अधिकच त्वरित करते. म्हणजे नव्या इंधनाचा गुण एकाच्या पदरी आणि दोष दुसऱ्याच्या, असे झाले.

या दोषावरील उपायाचे मूळ अनपेक्षित ठिकाणी सापडते. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरावयाचे ॲक्रोलीन साठवणीत बिघडे. ते टिकवण्याच्या प्रयत्नांतून शार्ल मूरो आणि शार्ल द्युफ्रेस या फ्रेंच रसायनज्ञांनी ऑक्सिडीभवनरोधकांचा अभ्यास केला. अत्यल्प प्रमाणात मिसळलेला पदार्थ ही शृंखला तोडू शकतो, हे त्यातून प्रस्थापित झाले, आणि पुढे असे पदार्थ पेट्रोलात घालण्यात येऊ लागले. तांब्याचा प्रभाव निष्फळ करणाऱ्या द्रव्यांवर द्यु पाँ कंपनीत चार्ल्स पेडरसन यांनी काम केले. त्यांचे वडीलही नॉर्वेचेच, हा योगायोग म्हणून नमूद करावा. १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते मात्र निराळ्या शोधासाठी.

डिंक असा आटोक्यात आला असता दुसरा बदल घडला. अमेरिकेतील २००५ च्या ऊर्जा-कायद्यानंतर दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल तेथे सर्वत्र रूढ झाले. इथेनॉल पाण्यास आपलेसे करते. सुमारे १५ अंश सेल्सियस तापमानास अशा मिश्रणात जवळपास अर्धा टक्का पाणी सामावते. त्याहून अधिक झाले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. इंधन खेचणारी नळी तर तळापर्यंतच पोचलेली असते. टू-स्ट्रोक एंजिनात वंगणतेल वरच्या पेट्रोलातच राहते, म्हणून खालचा थर आत गेल्यास एंजिन केवळ बंद पडत नाही, तर कोरडे घासले जाते. हवेतील दमटपणास याबद्दल सर्रास दोष दिला जातो. आमच्या मते सैल झाकणातून शिरलेले पाणी हे अधिक वेळा खरे कारण असते.

हा प्रश्न आता आपल्या किनाऱ्यासही परका राहिलेला नाही. कोकणातील मोठ्या मच्छीमार नौका डिझेलवर चालतात, पण लहान होड्यांवर आउटबोर्ड मोटारी दिसतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि भारतातील पेट्रोलात २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले होते. इथेनॉल वाढले की थर वेगळे होण्यापूर्वी सामावणारे पाणीही वाढते, ही यातील जमेची बाजू. परंतु विस्कॉन्सिनच्या सहा महिन्यांशी कोकणातील दोन महिन्यांची तुलना केवळ दिवस मोजून करता येत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले असता रासायनिक क्रियेचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. तेथील बर्फ डिंकाची क्रिया जवळजवळ थोपवून धरतो, तर येथे झापाखाली झाकलेल्या मोटारीतील पेट्रोल जूनच्या उष्म्यात आणि पावसात उभे असते.