श्वेतपत्रिका आणि सीमा : आक्रमणाच्या प्रतिसादाची भाषा (१९५४–१९६३)

परराष्ट्राने आपल्या भूमीवर पाऊल ठेवले असता शासनाने काय करावे, या प्रश्नाचा विचार बहुधा युद्ध की वाटाघाटी अशा दोन पर्यायांतच केला जातो. भारत-चीन सीमावादाची कागदपत्रे वाचताना मात्र या पर्यायांच्या आधीचा एक टप्पा निर्णायक ठरल्याचे आढळते : घडलेल्या कृत्याला कोणते नाव द्यायचे आणि ते कोणाला, केव्हा सांगायचे. मराठीत आगळीक, घुसखोरी, अतिक्रमण, आक्रमण असे चढत्या तीव्रतेचे शब्द आहेत. शासन यांपैकी कोणता शब्द उच्चारते यावर त्याच्या पुढील कृतीची दिशा ठरते, आणि योग्य शब्द उशिरा उच्चारला गेल्यास कृतीलाही उशीर होतो.

२९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटशी होणाऱ्या व्यापाराविषयी भारत आणि चीन यांच्यात करार झाला. पंचशील तत्त्वे या कराराच्या उद्देशिकेत आली. सीमारेषेचा प्रश्न मात्र त्यात घेतला गेला नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी एका टिपणाद्वारे नवे नकाशे काढण्याची सूचना दिली. १९५० च्या अधिकृत नकाशावर लडाखकडील सीमा अनिश्चित म्हणून दाखविलेली होती. नव्या नकाशावर तेथे ठाम रेषा आली. सीमा निश्चित झाली ती दोन शासनांच्या बोलण्यांतून नव्हे, तर एका शासनाच्या प्रशासकीय टिपणातून. भारताचा दावा निराधार होता, असा याचा अर्थ नाही. दावा सांगणे आणि तो समोरच्याकडून मान्य करवून घेणे या दोन क्रियांमधील अंतर मात्र या टिपणाने झाकले गेले.

१९५७ मध्ये चीनने सिंक्यांग व तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण केल्याचे जाहीर केले. तो अक्साई चीनमधून जात होता. भारताने १८ ऑक्टोबर १९५८ च्या खलित्यात त्याबद्दल आश्चर्य आणि खेद व्यक्त केला, आणि रस्त्यावर काम करणाऱ्या चिनी माणसांनी प्रवेशपत्रांसाठी अर्ज केले नव्हते, याकडेही लक्ष वेधले. राज्याच्या भूमीतून परकीय सैन्याचा मार्ग काढला गेला असता तक्रार व्हावी ती कागद अपुरे असल्याची! ही भाषा केवळ भित्रेपणाची म्हणता येणार नाही. मैत्रीचे धोरण जपावे, प्रश्न चिघळू देऊ नये, समोरच्याला माघारीची वाट मोकळी ठेवावी हा त्यामागील हेतू उघड आहे, आणि लष्करी दुर्बलतेची जाणीवही त्यात असावी. परंतु ही वाट मोकळी ठेवायची तर देशांतर्गत संमतीही जवळ असावी लागते. संसदेला या रस्त्याची माहिती मिळाली ती ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, लोंगजू येथील चकमकीनंतर.

७ सप्टेंबर १९५९ रोजी पहिली श्वेतपत्रिका संसदेपुढे आली. १९५४ पासूनचे खलिते, निवेदने व पत्रे तीत एकत्र छापली होती. वाङ्मयप्रकार म्हणून हा ग्रंथ विलक्षण आहे. एकाच वाचकासाठी लिहिलेली पत्रे अकस्मात सर्वांपुढे आली आणि पाच वर्षांचे मौन एका दिवसात वाचले गेले. यापुढे दिल्लीहून निघणाऱ्या प्रत्येक पत्राला दोन वाचक लाभले, एक पेकिंगमधला आणि दुसरा संसदेतला. पहिल्याला पटेल असे वाक्य दुसऱ्याला शरणागती वाटे. दुसऱ्याला रुचेल ते पहिल्याला आव्हान वाटे. त्या हिमप्रदेशात गवताचे पातेही उगवत नाही, असे नेहरूंनी त्याच महिन्यात सभागृहात म्हटले, ते पुढे त्यांच्याविरुद्धच उद्धृत होत राहिले. भूमीचे मोल तिच्या उपजाऊपणावरून ठरत नाही, हे श्रोत्यांना सांगावे लागले नाही.

७ नोव्हेंबर १९५९ च्या पत्रात चौ एन-लाय यांनी दोन्ही सैन्यांनी वीस किलोमीटर मागे जावे असे सुचविले. पूर्वेस मॅकमहोन रेषेपासून आणि पश्चिमेस ज्या रेषेपर्यंत प्रत्येकाचा प्रत्यक्ष ताबा आहे तिच्यापासून, अशी ही योजना होती. पुढे स्थिरावलेल्या 'प्रत्यक्ष ताबारेषा' या संज्ञेचे बीज येथे आहे. संज्ञा वर्णनात्मक दिसते, पण ती मान्य करणे म्हणजे ताब्यालाच प्रमाण मानणे होते. शासनाला हे उमगले होते. ताबा कोणाचा हे ठरविण्याइतके बळ मात्र तेथे उभे केलेले नव्हते.

चौ एन-लाय एप्रिल १९६० मध्ये दिल्लीत आले तेव्हा तडजोडीला आणखी एक मर्यादा आली होती. बेरुबारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च १९६० रोजी दिलेल्या मतानुसार राष्ट्राची भूमी परराष्ट्राला द्यायची तर घटनादुरुस्ती आवश्यक होती. वाटाघाटी फिसकटल्या. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी पुरावे मांडले. तो अहवाल फेब्रुवारी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही एक अहवाल नव्हेच. एका वेष्टनात दोन स्वतंत्र संहिता आहेत, आणि 'पारंपरिक रूढ सीमा' हा एकच शब्दप्रयोग त्यांत दोन भिन्न रेषांसाठी येतो.

नोव्हेंबर १९६१ पासून शासनाने पुढे सरकून चौक्या उभारण्याचे धोरण स्वीकारले. रसद व कुमक अपुरी असलेल्या या चौक्या प्रत्यक्षात नकाशावरील रेषेचे भाषांतर होत्या. येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे स्मरण होते. टोपीकरांना वखारीसाठी जागा द्यावी लागलीच तर ती समुद्रकिनारी न देता आत, दुर्गमतेचा लाभ त्यांना मिळणार नाही अशा ठिकाणी द्यावी, असा तेथील सल्ला आहे. दोन्ही प्रसंगांचे साम्य ताणू नये. एका बाजूला व्यापाऱ्याच्या रूपात आलेले संकट आहे, दुसऱ्या बाजूला बलाढ्य शेजारी. तथापि भूमीविषयीचे धोरण भूमीच्या घडणीवरून ठरवावे, हा अमात्यांचा आग्रह १९६१ च्या निर्णयांत दिसत नाही.

१२ ऑक्टोबर १९६२ रोजी श्रीलंकेस निघताना, सैन्याला भूमी मोकळी करण्याची आज्ञा दिल्याचे नेहरूंनी वार्ताहरांना सांगितले. ज्या शासनाची भाषा १९५८ मध्ये परिस्थितीहून सौम्य होती, तिची भाषा आता सामर्थ्याहून कठोर झाली. २० ऑक्टोबरला चीनने दोन्ही आघाड्यांवर हल्ला केला. १४ नोव्हेंबरला लोकसभेने आक्रमकाला पवित्र भूमीतून हुसकावण्याचा निर्धार एकमताने संमत केला. १९ तारखेला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याकडे हवाई मदतीची याचना करणारी दोन पत्रे पाठविली. ती अनेक दशके भारतीय वाचकांपुढे आली नाहीत, त्यामुळे एकाच आठवड्यातील ठराव आणि पत्रे यांचे सहवाचन त्या पिढीला शक्य झाले नाही.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे रूपक महाराष्ट्रात अजूनही प्रिय आहे. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत पराभवाच्या चौकशीविषयी केलेल्या निवेदनात मात्र कोणतेही रूपक नाही. प्रशिक्षण, साधनसामग्री, सेनासंचालनाची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांचा सैनिकांवरील प्रभाव असे मुद्दे घेऊन त्यांनी उणिवा मान्य केल्या. शासन पराभवाबद्दल आपल्या प्रतिनिधींशी बोलत असल्याचा सूर तेथे ऐकू येतो. नेहमीच्या संसदीय संरक्षणाहून तो वेगळा आहे. ज्या हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालावर ते आधारलेले होते तो मात्र शासनाने पुढील साठ वर्षांत प्रसिद्ध केला नाही. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराकडून बाहेर आला.