थंडरबोल्ट फर्मवेअर-बदल (हॅकिंटॉश)

सुटे भाग जुळवून केलेल्या डेस्कटॉपमधील थंडरबोल्ट नियंत्रकाचे मूळ फर्मवेअर पुसून तिथे फेरफार केलेली प्रत भरणे. हा खटाटोप मुख्यतः हॅकिंटॉशवाल्यांचा, म्हणजे ॲपलने न बनवलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणाऱ्यांचा. ॲपलच्या परवान्यात अशा वापराला मुभा नाही.

थंडरबोल्ट इंटेलने ॲपलच्या साथीने आणले. २०११ च्या मॅकबुक प्रोवर ते प्रथम दिसले, तेव्हा वेग सेकंदाला १० गिगाबिट होता. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो ४० झाला आणि यूएसबी-सीचे तोंड आले. फेरफार झाले ते प्रामुख्याने याच आवृत्तीच्या अल्पाइन रिज आणि टायटन रिज नियंत्रकांवर. गिगाबाइटचे जीसी-टायटन रिज कार्ड या मंडळींचे लाडके.

अडचण समजायला सोपी आहे. थंडरबोल्टच्या केबलमधून पीसीआय एक्सप्रेसची वाहतूक जाते, आणि जोडलेल्या उपकरणापर्यंत तिची वाट कोणीतरी आखून द्यावी लागते. त्या काळच्या विंडोज पीसीत हे काम नियंत्रकातले फर्मवेअर करी. इंटेल मॅकमध्ये ते खुद्द मॅकओएस करते. त्यामुळे पीसीच्या कार्डावर मॅकओएसला करण्याजोगे काही उरतच नाही. संगणक सुरू होण्यापूर्वी लावलेली डिस्क चालते, पण मध्येच काढून पुन्हा लावली की गायब. बदललेले फर्मवेअर ही सूत्रे मॅकओएसच्या हाती देते. सोबत एसीपीआय तक्ताही, म्हणजे हार्डवेअरचे वर्णन प्रणालीला देणारी माहिती, पुरवावा लागतो. निव्वळ चिप फ्लॅश करून भागत नाही, हे नवख्यांना उशिरा कळते.

फर्मवेअर असते आठ पायांच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये, सहसा १ मेगाबाइटच्या. कार्ड बाहेर काढून त्या चिपवर चिमट्यासारखी क्लिप बसवतात, केबलची लाल तार चिपवरच्या ठिपक्याच्या बाजूला ठेवून. दुसरे टोक सीएच३४१ए या स्वस्त प्रोग्रॅमरला, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाला. फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती ताडून पाहतात, कारण क्लिप केसभर सरकली तरी वाचन चुकते, आणि मूळ प्रतच सदोष निघाली तर परतीचा रस्ता बंद. या प्रोग्रॅमरच्या काळ्या, सर्रास मिळणाऱ्या नमुन्यात आणखी एक खोट आहे: चिपला वीज ३.३ व्होल्टची मिळते, पण संदेशाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, म्हणजे तिला झेपावेत त्याहून जास्त.

चिपमध्येच डीरॉम नावाचा भाग असतो. त्यात उत्पादकाचे नाव, पोर्टांची माहिती आणि प्रत्येक नियंत्रकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक. दुसऱ्याची तयार फाइल जशीच्या तशी भरली की क्रमांकही त्याचाच येतो. म्हणून जाणकार तो बदलून चेकसम नव्याने काढतात.

हे सारे शक्य होते, कारण चिपमधील काही मजकुराची सत्यता नियंत्रक तपासतच नाही. आयंडहोवन तंत्रविद्यापीठातील संशोधक ब्यॉर्न रायटेनबर्ग यांनी मे २०२० मध्ये ‘थंडरस्पाय’ या नावाने नेमक्या याच उणिवा मांडल्या. लॅपटॉप उघडून, त्याच फ्लॅश चिपवर क्लिप लावून त्यांनी थंडरबोल्टची सुरक्षा-पातळी शून्यावर आणून दाखवली आणि कुलूपबंद पडद्यामागे शिरून दाखवले. साधने जवळपास तीच, हेतू तेवढा निराळा.

त्याच वर्षी ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले. २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी मॅकओएसची अखेरची आवृत्ती असेल, असे कंपनीने जाहीर केले आहे. म्हणजे हॅकिंटॉशचा, आणि त्याबरोबर या खटाटोपाचाही, काळ सरत आला आहे.