सामायिक संशोधन-मंच : घटक आणि स्थैर्य

ज्या संगणकीय व्यवस्थेत देशातील कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेचा संशोधक विदा, गणनशक्ती आणि आज्ञावली या तिन्हींचा एकाच ठिकाणी उपयोग करू शकतो, तिला येथे ‘सामायिक संशोधन-मंच’ ही संज्ञा दिली आहे. केवळ महासंगणक म्हणजे मंच नव्हे. तेथे आज्ञावली चालविण्याचे कौशल्य संशोधकालाच आणावे लागते. केवळ विदासंग्रहही मंच नव्हे, कारण त्यात विश्लेषणाची सोय नसते.

ऑस्ट्रेलियातील ‘नेक्टार’ हा या व्याख्येत बसणारा प्रकल्प. मेलबर्न विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाचा संशोधन-क्लाउड 2012 मध्ये खुला झाला. त्याच्या रचनेत तीन स्तर दिसतात : (1) संशोधकाला स्वतःच्या विद्यापीठाच्या ओळखीवर प्रवेश देणारा, (2) ‘ओपनस्टॅक’ या आज्ञावलीवर आधारलेल्या क्लाउडचा, (3) आभासी प्रयोगशाळांचा. पहिले दोन स्तर पूर्वअट होत. मंचाला मंचपण येते ते तिसऱ्यामुळे. जैवविविधता व हवामानबदल यांच्या आभासी प्रयोगशाळेत प्रजातींच्या आढळाच्या नोंदी, हवामानाची विदा आणि वितरणाची प्रतिमाने एकत्र आली. त्यामुळे प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्या परिस्थितिशास्त्रज्ञालाही प्रतिमान चालविता आले.

यावरून सामायिकतेचे दोन प्रकार संभवतात : साधनांची आणि पद्धतीची. पहिलीने खर्च वाचतो. दुसरीचे मोल अधिक. ‘गॅलेक्सी’ या जनुकीय विश्लेषणाच्या मंचावर प्रत्येक टप्पा, साधनाची आवृत्ती आणि निवडलेली मूल्ये नोंदली जातात. म्हणून दुसऱ्याला तेच विश्लेषण पुन्हा करून पाहता येते. परंतु दोषाचा उगमही येथेच आहे. पूर्वनिश्चित मूल्ये न तपासता स्वीकारली, तर एका प्रयोगशाळेची चूक अनेकांची होते, आणि सर्वांची उत्तरे जुळल्यामुळे ती लपूनही राहते. सुलभतेचे गुणगान करणारे हा मुद्दा सहसा टाळतात.

उरतो स्थैर्याचा प्रश्न. उभारणीला अनुदान मिळते ते ठरावीक मुदतीचे. आज्ञावलीचे परिरक्षण मात्र अखंड असते, कारण तिच्याखालील आज्ञासंग्रह (लायब्ररी) व प्रणाली बदलत राहतात. नेक्टार 2018 मध्ये अन्य दोन राष्ट्रीय प्रकल्पांसह ‘ऑस्ट्रेलियन रिसर्च डेटा कॉमन्स’मध्ये विलीन झाला आणि वर उल्लेखिलेल्या आभासी प्रयोगशाळेचे कार्य पुढे ‘इकोकॉमन्स’कडे गेले. अशा संक्रमणात यंत्रे बदलता येतात. जुन्या आज्ञावलीची अंतर्रचना जाणणारे अभियंते मात्र मुदतीच्या नेमणुकीवर असतात, आणि शोधनिबंधांच्या संख्येवर चालणाऱ्या मूल्यमापनात त्यांच्या कामाला क्वचितच स्थान मिळते.