टॅल्बटच्या लाकडी पेट्या

छायाचित्रणाचा आरंभ सांगताना इतिहासकारांचा भर बहुधा रसायनांवर असतो. पेटीची उपेक्षा होते. ही उपेक्षा अन्यायाची होय. इंग्लंडमधील लॅकॉक येथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने प्रथम मोठी पेटी योजिली. बराच वेळ उन्हात ठेवूनही रौप्यक्षाराच्या कागदावर छपराची बाह्यरेषा तेवढी उमटे, भिंतींचे बारकावे नव्हेत. तेव्हा त्याने लहान पेट्यांना अल्प नाभ्यंतराची भिंगे बसविली. प्रतिमा आकुंचित झाली, परंतु तेजस्वी झाली. पत्नी कॉन्स्टन्स या पेट्यांना उंदरांचे सापळे म्हणे! ऑगस्ट १८३५ मधील खिडकीच्या इंचभर व्यस्त प्रतिमेत सुमारे २०० काचा भिंगाने मोजता येत, अशी टॅल्बटची नोंद आहे. मात्र दागेरची वार्ता येईपर्यंत, जानेवारी १८३९ पर्यंत, त्याने हे यश प्रसिद्ध केले नाही.